वैनगंगेचं पाणी आणि चपटा ब्रश: प्रकल्प नोंदी

२ फेब्रुवारी २०२५

काम काय आहे ते आधी लिहून ठेवतो. गोसेखुर्द धरणाच्या खाली, पवनी तालुक्यात, वैनगंगेवर आमचा घाट आहे. घाटाखाली डोह, डोहाच्या काठाला चार-दोन डोंगे (लाकडी नावा) बांधलेले. समोर रेती, रेतीत डांगरवाड्या (टरबूज-खरबुजांचे मळे) आणि त्यापलीकडे करंज-जांभळाची गर्द रांग. हा देखावा तैलरंगात करायचा आहे. त्यातलं पाणी मात्र क्लोद मोने या फ्रेंच चित्रकारानं १८६९च्या उन्हाळ्यात सीन नदीवर रंगवलं त्या रीतीनं करायचं: चपट्या ब्रशचे सुटे, आडवे, जाड पट्टे, एकमेकांत न घोटलेले.

ज्या चित्रावरून हे घेतलं ते ‘बेदर्स ॲट ला ग्रनुयेर’, लंडनच्या नॅशनल गॅलरीत आहे. ला ग्रनुयेर म्हणजे पॅरिसजवळ बूजिवालपाशी नदीत पोहायला आणि नाव वल्हवायला लोक जायचे ती जागा. पॅरिसहून आगगाडीनं जाता येई, पाण्यावर तरंगतं उपाहारगृह होतं. मोने आणि त्याचा चित्रकार मित्र रेन्वार दोघं तिथे शेजारी शेजारी बसून काम करत. दोघांचं वय तेव्हा २८. पुढे इम्प्रेशनिस्ट म्हणवल्या गेलेल्या या चित्रकारांच्या गटाचं पहिलं प्रदर्शन १८७४चं, म्हणजे हे त्याच्या पाच वर्षं आधीचं काम.

नक्कल करायची नाही. नदी आपलीच हवी. मी शाळेत चित्रकला शिकवतो आणि एलिमेंटरी-इंटरमिजिएटच्या पोरांना वर्षानुवर्षं पाण्याचा एक निळा वॉश आणि त्यावर पांढऱ्या नागमोडी रेघा काढायला लावतो. तेच हात आता तैलरंगाला लावायचे आहेत, म्हणून जड जाणार हे दिसतंच आहे.

आकार मूळ चित्राचाच ठेवला, ७३ बाय ९२ सेंटिमीटर. फ्रान्समध्ये ही ३० नंबरची तयार चौकट होती, कलाकार दुकानातून उचलून आणत. मी आकार कमी केला नाही, कारण पट्टा म्हणजे ब्रशची प्रत्यक्ष रुंदी. पूर्वी १२ बाय १६ इंचाच्या बोर्डावर हाच खेळ करून पाहिला तेव्हा ब्रशही लहान घ्यावा लागला आणि पट्ट्यांचे ठिपके झाले. मोबाइलवर चित्र पाहून ब्रश निवडणाऱ्यांचं हमखास हेच होतं.

सुताराला सागाच्या पट्ट्या सांगितल्या, मधे एक आडवा दांडा. ६५० रुपये.

५ फेब्रुवारी

चौकट आली. काटकोनात आहे, पण पट्ट्यांचा वरचा भाग सपाट ठेवलाय. असं असलं की कापड आतल्या कडेला टेकतं आणि ब्रश दाबला की तिथे लाकडाची रेघ उमटते, जन्मभर जात नाही. पट्टीला बाहेरून आत उतार हवा. सुतारानं रंधा मारून दिला, पैसे घेतले नाहीत. पण ‘एवढ्यासाठी कोणी परत येते का’ हे ऐकवलं.

९ फेब्रुवारी

कापड: जाड मांजरपाट, दोन मीटर, २८० रुपये. आधी गरम पाण्यात दोनदा खळबळून घ्या, त्यातली खळ निघाली नाही तर सरस नीट धरत नाही. ओलसर असतानाच ताणलं आणि मधून कोपऱ्यांकडे पिना मारत गेलो. कोपऱ्यांपासून सुरुवात केली की मधे पोट सुटतं.

सरस रात्रभर भिजवला आणि सकाळी पाण्याच्या भांड्यात दुसरं भांडं ठेवून वितळवला. उकळू द्यायचा नाही, उकळला की त्याची पकड जाते. वास असा की घरातून मला चूल-भांड्यासकट अंगणात काढलं. दोन पातळ हात दिले. ते वाळल्यावर खडूची भुकटी, झिंक ऑक्साइड आणि तोच सरस यांचं अस्तर दिलं, तेही दोन हात.

संध्याकाळी कोपऱ्यात एक पट्टा ओढून पाहिला. दोन इंच गेला आणि ब्रश अडकला. अस्तरानं रंगातलं सगळं तेल ओढून घेतलं होतं, उरला तो कोरडा चुरा. अशा अस्तरावर घासून घासून रंगवता येतं, पण एका दमात ओढलेला पट्टा जमणार नाही. आणि इथे तर सगळी मदार त्या पट्ट्यावरच आहे.

उपाय: पांढऱ्या तैलरंगात टर्पेंटाइन, चिमूटभर अल्ट्रामरीन (गडद निळा) आणि बर्न्ट अंबर (गडद तपकिरी) घालून फिकट राखाडी रंग केला आणि सुरीनं खरवडत अगदी पातळ पसरवला. आता हे वाळायला आठवडा जाणार. ॲक्रिलिक प्रायमरचा डबा आणला असता तर हा आठवडा वाचला असता. ज्यांना घाई आहे त्यांनी तोच आणावा. सरसाच्या अस्तराचा हट्ट माझा होता.

राखाडी मात्र ठेवाच. पांढऱ्या कॅनव्हासवर उन्हात काहीच अंधारं दिसत नाही आणि सगळे रंग गरजेपेक्षा गडद लागतात.

१६ फेब्रुवारी

काल नागपूरला जाऊन बर्डीवरून सामान आणलं.

ब्रशबद्दल सविस्तर लिहितो, कारण सगळ्यात जास्त पैसे इथे वाया जातात. एकोणिसाव्या शतकात ब्रशला पत्र्याची नळी आली, तिनं केस चिमटून चपटे धरता येऊ लागले. त्याआधी केस दोऱ्यानं किंवा पिसाच्या नळीत बांधायचे, म्हणून ब्रश गोल. मोनेच्या त्या पाण्यातले चौकोनी टोकांचे पट्टे या चपट्या ब्रशशिवाय निघालेच नसते. रंग ट्यूबमध्ये मिळायला लागून तेव्हा तीसेक वर्षंच झाली होती, दाबून पिळायची धातूची ट्यूब जॉन रँड या अमेरिकन चित्रकारानं १८४१मध्ये काढली. नदीकाठी बसून तैलरंगात काम करणं सोपं झालं ते या दोन सामानी गोष्टींमुळे.

दुकानदारानं आधी नायलॉनचे चपटे ब्रश दिले, १९० रुपयांचा संच. घरी खरड्यावर ओढून पाहिले. रंग गुळगुळीत बसतो, पट्ट्याच्या अंगावर केसांच्या रेषा उठत नाहीत, आणि जाड रंग उचलायला गेलं की ब्रश वाकतो. ते पोरांच्या पोस्टर कलरला गेले. पाहिजे तो डुकराच्या राठ केसांचा. नंबरावर जाऊ नका, प्रत्येक कंपनीचा १२ नंबर वेगळा असतो. पट्टी घेऊन जा आणि रुंदी मोजून घ्या. मी २५ मिलिमीटर (२१० रुपये), १२ मिलिमीटर (११०) आणि ६ मिलिमीटर (६०) घेतले.

शिवाय गावातल्या हार्डवेअरच्या दुकानातून भिंत रंगवायचा एक इंची ब्रश, ३५ रुपये. पहिल्या दिवशी केस गळतात, म्हणून साबणाच्या पाण्यात भिजवून, कंगव्यानं झाडून, टोक कात्रीनं सरळ केलं. पुढच्या पाण्याला हा २१० रुपयांच्या ब्रशइतकाच चालतो. कडा थोडी फाटकी येते, आणि ती मला आवडली.

रंगाचा घट्टपणा: ट्यूबमधला रंग तेलकट निघाला, पट्टा ओढला की कडा बसून जायच्या. रात्री रंग वर्तमानपत्रावर पिळून ठेवला, कागदानं तेल ओढलं. सकाळी सुरीवर घेतला तर श्रीखंडासारखा उभा राहिला. तेवढाच हवा. त्यापुढे गेला तर तुटतो, मग दोन थेंब टर्पेंटाइन.

२० फेब्रुवारी

आपल्या भागात जवस पिकतो, घाण्यावर तेलही काढून मिळतं. तैलरंगात जातं ते जवसाचंच तेल. मग बर्डीवरची छोटी बाटली कशाला, हा विचार आलाच. काचेवर तीन पट्टे ओढून ठेवलेत, तिन्हींत तोच पांढरा रंग: एकात दुकानातलं तेल, दुसऱ्यात घाण्याचं, तिसऱ्यात घाण्याचंच पण काही दिवस उन्हात ठेवून निवळलेलं. कोणता कधी वाळतो, कोणता पिवळा पडतो ते पुढे लिहीन. तोवर मोठ्या कॅनव्हासला घाण्याचं तेल लावणार नाही.

२३ फेब्रुवारी

परवा दहावीची परीक्षा सुरू झाली. पर्यवेक्षणामुळे आता रविवार आणि सुटीचे दिवसच मोकळे.

सकाळी सातला घाटावर. अस्तर वाळलंय, रंग छान सरकतो. पलीकडची झाडं, रेती, डोंग्यांच्या जागा पातळ रंगात पटकन बसल्या. मग पाणी घेतलं आणि तिथे सगळं बिनसलं. एकाखाली एक पट्टे ओढत गेलो, निळा, पांढुरका, हिरवट. नऊ वाजता दहा पावलं मागे जाऊन पाहिलं तर पट्टे दिसत होते, पाणी दिसत नव्हतं.

डोंगेवाले मामाजी जाळं झाडत होते. जवळ येऊन म्हणाले, “का करून रायले जी गुरुजी?”

“पाणी काढतोय, मामाजी.”

त्यांनी चित्र पाहिलं, नदी पाहिली. “पानी त हाललंच नाही आज. हवा सुटू द्या, मंग पाहा.”

मी घरी येऊन मूळ चित्राचं मोठं छायाचित्र पुन्हा उघडलं. त्या पाण्यात माणसं पोहताहेत, फळीच्या पुलावर गर्दी आहे, पुढे नावा लागलेल्या आहेत. ते पाणी सतत ढवळलेलं आहे. आमच्या डोहात सकाळी सातला आरसा असतो, आणि आरशात झाडांची प्रतिबिंबं उभी पडतात. उभ्या गोष्टीवर मी आडवे पट्टे मारत बसलो होतो.

२६ फेब्रुवारी, महाशिवरात्र

घाटावर पहाटेपासून आंघोळीला गर्दी. मोठा कॅनव्हास नेलाच नाही. पुठ्ठ्याचे अस्तर दिलेले तुकडे नेले आणि फक्त माणसं केली.

पाण्यातला माणूस दोन मिनिटंही एका जागी राहत नाही. त्यामुळे तीन-चार फटकाऱ्यांतच उरकावं लागतं: डोक्याचा गडद ठिपका, खांद्याचा एक, कापडाचा एक आडवा, आणि लगेच खाली त्याच कापडाचा जरा मळवलेला रंग पाण्यात. हा शेवटचा फटकारा विसरला तर माणूस पाण्यावर ठेवलेला दिसतो. चेहरा, बोटं, काठ काही करायचं नाही. मोनेनंही पोहणाऱ्यांची डोकी ठिपक्यांत उरकली आहेत. शेजारी बसलेल्या रेन्वारचं चित्र आज स्टॉकहोमच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे. त्याचा जीव माणसांत आणि त्यांच्या कपड्यांत अडकलेला, फटकारेही मऊ, पिसासारखे हलके. ज्यांना घाटावरची माणसं रंगवायची असतील त्यांनी रेन्वारचं पाहावं, मला पाणी पाहिजे.

लाल लुगड्यातल्या एक आजी ओल्या अंगानंच येऊन वाकल्या. “मी कोनती जी यात?” मी लाल ठिपका दाखवला. “मंग नाक कुठं हाय माह्यं?” आजूबाजूची पोरं हसली. आजींना काही ते पटलं नाही.

२ मार्च

पाण्याचा सगळा भाग सुरीनं खरवडून काढला आणि टर्पेंटाइनच्या चिंधीनं पुसला. रंग आठवड्याचा होता तरी जाड जागी आतून ओला होता, म्हणून निघाला. ८०-९० रुपयांचा पांढरा रंग चिंधीत गेला.

पोस्टर आणि जलरंगाची सवय म्हणजे उजेड कागदाचा राखायचा आणि अंधार शेवटी द्यायचा. इथे उलटं करावं लागतं. आधी सगळ्या पाण्यावर अंधार: झाडांच्या प्रतिबिंबाचा गडद हिरवा-तपकिरी, डोंग्याखाली जवळजवळ काळा. उजेडाचे पट्टे त्यावर मागाहून बसवायचे, आणि त्यांच्या फटींतून खालचा अंधार दिसत राहिला पाहिजे. आज फक्त अंधार भरला, तोही पातळ. काळी ट्यूब वापरली नाही, अल्ट्रामरीन आणि बर्न्ट अंबर पुरतं.

हिरव्याबद्दल एक. दुकानात ‘एमराल्ड ग्रीन’ मागितलं होतं. १८६९ साली या नावाचा रंग तांबं आणि आर्सेनिकचा, चांगलाच विषारी, पण रंगाच्या पेटीत सर्रास असायचा. आज त्या नावाखाली भलतंच मिळतं. माझ्या ट्यूबवर बारीक अक्षरात थॅलो, म्हणजे एक फार जहाल आधुनिक हिरवा, लिहिलेलं निघालं. वाटाण्याएवढ्या थेंबानं सगळा ढीग हिरवागार. व्हिरिडियन घ्या. महाग आहे, पण मिश्रणात सौम्य राहतो, आणि १८५९पासूनचा असल्यानं त्या काळाशीही जुळतो.

९ मार्च

आज पाणी सापडलं, म्हणून ही नोंद लांब होणार.

आठला जाऊन नुसता बसलो. नऊच्या सुमारास वारा सुटला आणि डोहावर बारीक लाटा उठल्या. मामाजींनी एक डोंगा सोडून पलीकडे नेला, त्याच्या मागे मोठ्या लाटा आल्या. रंगाला हात न लावता अर्धा तास फक्त एक लाट आणि मग दुसरी लाट पाहत होतो.

लाटेची आपल्याकडे कललेली बाजू आकाश दाखवते. दोन लाटांमधला सपाट भाग पलीकडची झाडं दाखवतो. अगदी पायाशी, जिथे आपण वरून खाली पाहतो, तिथे यांपैकी काहीच नाही, तिथे नदीचा तळ दिसतो, शेवाळी-तपकिरी. एवढे तीनच रंग. निळा रंग पाण्याला स्वतःचा असा कुठे नव्हताच, होता तो आकाशाचा, तोही फिकट आणि जरा पिवळसर, कारण मार्चमध्ये आपल्याकडे आकाश धुळकट असतं. मी मागच्या वेळी अर्धी ट्यूब कोबाल्ट घालवला होता.

दुसरं, लाटेची रुंदी. पायाजवळची लाट हातभर रुंद दिसते, डोहाच्या मध्यावर बोटभर, पलीकडे नुसती रेघ. म्हणजे ब्रश तीन घ्यायचे तर त्यांचा हिशेब नदीनंच करून ठेवलेला आहे: खालच्या तिसऱ्या भागात २५ मिलिमीटरचा, मधे १२चा, वर ६चा, आणि अगदी पलीकडच्या काठाला तोच ६चा उभा धरून, धारेनं. मूळ चित्रातही पट्टे वर जाताना बारीक होत जातात. छायाचित्रात ते कितीदा तरी पाहिलं होतं, पण मला ती शैली वाटत होती.

हात कसा चालवायचा: ब्रशच्या एकाच बाजूला भरपूर रंग उचलायचा. कॅनव्हासवर टेकवायचा, आडवा ओढायचा, उचलायचा. बस. पट्टा वाकडा गेला तर जाऊ द्यायचा. परत त्यावरून ब्रश फिरवला की खालचा अंधार वर येतो, दोन्ही मिसळतात आणि राखाडी चिखल होतो. मनगट स्थिर ठेवून कोपरातून ओढलं तर पट्टा सरळ आणि एकसारख्या जाडीचा येतो. नुसत्या मनगटानं ओढला तर तो कमानीत वळतो, आणि कमानी झाल्या की माशांचे खवले दिसू लागतात.

वेळ जातो तो पुसण्यात. दर चार-पाच पट्ट्यांनंतर ब्रश चिंधीवर दाबून पुसावाच लागतो, नाहीतर उजेडाच्या पट्ट्याला गडद शेपूट येते. जुन्या लुंगीच्या चिंध्या सर्वांत चांगल्या, बनियनच्या नकोत, त्यांचा धागा सुटतो.

आणि उजेडाचे पट्टे थोडे लागतात. डोळ्याला वाटतं सगळं पाणी चमकतंय, म्हणून हात भरत सुटतो. खालच्या तिसऱ्या भागात मी अर्ध्याहून जास्त अंधार उघडा ठेवला तेव्हा कुठे पाणी चमकलं. भरलेल्या जागी ते पुन्हा सपाट होत होतं. दोन ठिकाणी सुरीनं पट्टे काढून टाकले आणि ती जागा लगेच सुधारली.

साडेअकराला ऊन असह्य झालं, थांबलो.

१४ मार्च, धुळवड

काम नाही. पोरांना ट्यूबमधले रंग पाहिजे होते. दिले नाहीत, यातले काही अंगाला लावायच्या लायकीचे नसतात. पळसाची फुलं भिजवून दिली.

१६ मार्च

आज गेलेला वेळ पूर्ण फुकट. आठवडाभरात रंग अर्धवट वाळलाय, हात लावला तर चिकटतो. या अवस्थेत वर पट्टा ओढला की ब्रश खालच्या रंगाला धरतो आणि सालपट उचलून आणतो. एक तर त्याच बैठकीत ओल्यावर ओलं काम करा, नाहीतर पूर्ण वाळेपर्यंत कॅनव्हास भिंतीकडे तोंड करून ठेवा. मोनेच्या चित्रात दोन्ही तऱ्हा आहेत, ओल्यावर ओलं आणि वाळल्यावर वरून. मधली तऱ्हा कोणालाच उपयोगाची नाही.

त्यात रेतीचे ट्रॅक्टर. पात्रातून वर चढताना जी धूळ उडते ती सरळ चिकट रंगावर. ओल्या रंगातले कण काढत बसू नका, खड्डे पडतात. वाळल्यावर सुरीच्या टोकानं टिपले की सुटतात. आमच्या घाटापुढची रेती दर वर्षी खाली चालली आहे, डांगरवाडीवाले तेच सांगतात. पण तो विषय वेगळ्या वहीचा.

२३ मार्च

डोंगे केले. डांबर फासलेला लाकडी डोंगा, बाहेरून काळा, आत उन्हानं राखी पडलेल्या फळ्या. लांबीच्या दिशेनं एकेक लांब पट्टा, आतल्या फळ्यांना दोन, काठाला एक उजळ रेघ. मूळ चित्रातल्या पुढच्या नावाही अशाच मोजक्या लांब फटकाऱ्यांच्या आहेत, त्यामुळे इथे फार विचार करावा लागला नाही.

मामाजी मागे उभे होते. “याच्यात पानी भरलं का जी? बुडून रायला तो.”

खरंच बुडत होता. मी पाण्याचा उजळ पट्टा थेट डोंग्याच्या बुडाला चिकटवला होता, आणि एका जागी तो काठावरही चढला होता. मामाजींनी मला खऱ्या डोंग्याजवळ नेऊन बोट लावून दाखवलं: पाणी आणि लाकूड जिथे भेटतं तिथे आधी एक काळी पट्टी असते, डोंग्याची सावली आणि प्रतिबिंब एकत्र. उजेड त्या पट्टीच्या पलीकडे सुरू होतो. ती पट्टीही सलग नाही, लाट येते तशी तुटते. बुडाखाली दोन तुटक गडद पट्टे दिले आणि उजळ पट्टा अर्धा इंच खाली सरकवला. डोंगा तरंगला.

मामाजींनी पुढे दोरही सुधारायला लावला. मी सैल दाखवला होता, वाऱ्याच्या दिशेनं तो ताणलेला पाहिजे म्हणाले.

३० मार्च, पाडवा

सकाळी गुढी उभारून घाटावर गेलो, आठलाच पॅलेटवरच्या रंगातून तेल सुटायला लागलं. आता इथे स्थळावर तैलरंगाचं काम शक्य नाही. पलीकडची झाडं आणि रेती आणखी करायची होती, ती आहे तशी पातळ सोडली. महाशिवरात्रीच्या पुठ्ठ्यांवरून तीन माणसं पाण्यात उतरवली, मधल्या ब्रशनं, पंधरा-वीस मिनिटांत. लाल लुगडंही आहे त्यात.

खर्च एकदाचा: चौकट ६५०, मांजरपाट २८०, सरस-खडू-झिंक २२०, रंग १,४६०, कामाचे ब्रश ४१५, वाया गेलेले ब्रश १९०, टर्पेंटाइन १३०, नागपूरचं जाणं-येणं २४०. एकूण ३,५८५ रुपये. रंगांच्या खर्चात निम्म्याला टेकेल एवढा एकटा पांढरा. जाड पट्ट्यांचं काम करायचं तर पांढऱ्याची मोठी ट्यूब घ्या, लहान ट्यूब घेतली की हात आखडतो आणि पट्टा पातळ पडतो.

यावरून आठवलं. १८६९च्या त्या उन्हाळ्यात मोनेची हालत फार वाईट होती. सालोननं, म्हणजे पॅरिसच्या सरकारी चित्रप्रदर्शनानं, त्या वर्षी त्याची चित्रं नाकारली होती, घरात खायला नव्हतं, रेन्वार आपल्या घरून त्याच्यासाठी पाव आणायचा. रंग संपल्यामुळे काम अडलंय, असं त्यानं चित्रकार मित्र बाझीलला पत्रात कळवलं होतं. आणि तरी पट्टे एवढे जाड. सप्टेंबरच्या पत्रात तर त्यानं ला ग्रनुयेरवरचं हे काम म्हणजे वाईट कच्चे आराखडे म्हटलंय, खरं मोठं चित्र अजून करायचंय म्हणे. आपण ज्याला नमुना धरून बसलोय ते त्याच्या लेखी तयारीचं काम होतं. कदाचित म्हणूनच त्यात कुठे घोटाघोटी नाही. माझ्या चित्रात पलीकडच्या काठाला जिथे मी ‘नीट’ करायला गेलो तेवढीच जागा मेलेली दिसते.

१३ एप्रिल

काचेवरच्या तेलांचा निकाल. दुकानातलं तेल घातलेला पट्टा केव्हाच वाळला, नख लागत नाही. घाण्याचं तेल घातलेला अजून बोटाला चिकटतो आणि स्पष्ट पिवळा पडलाय. उन्हात निवळलेलं तेल घातलेला वरून वाळलाय, पण दाबलं की आत मऊ लागतो. त्याचा पिवळेपणा दुसऱ्यापेक्षा कमी आहे. पांढऱ्यात आणि आकाशाच्या पट्ट्यांत घाण्याचं तेल नको. झाडांच्या गडद भागात चालेल, पण मी तिथेही ते फारच थोडं घेईन. उरलेलं घरात चटणीवर घ्यायला ठेवलं.

मोठ्या चित्रातले जाड पट्टे आतून वाळायला अजून महिने लागतील, तोवर वॉर्निश नाही. वर्गातल्या मागच्या भिंतीला, पंख्यापासून लांब टांगलंय. जून उघडला की आठवीच्या पोरांना एक इंची हार्डवेअरचा ब्रश आणि पोस्टर कलर घट्ट कालवून देणार, आधी अंधार मग उजेड या क्रमानं. घरून फाटक्या लुंग्या आणायला आत्ताच सांगून ठेवलंय.